मुंबईच्या घरातला डेस्कटॉप संगणक : मांडणी, सुधारणा आणि निगा

डेस्कटॉप संगणक घ्यायचे ठरले की प्रोसेसर कोणता, रॅम किती, स्क्रीन केवढी यावर घरात भरपूर चर्चा होते, पण तो भिंतीतल्या ज्या प्लगला लावायचा त्या प्लगकडे कुणाचे लक्ष जात नाही. मुंबईत दुरुस्तीला येणारे बरेचसे संगणक वयापेक्षा अर्थिंग नसणे, दमट हवा आणि चिकट धूळ या तीन गोष्टींनी बिघडलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हे मार्गदर्शन दुकानापासून सुरू न करता भिंतीपासून सुरू केले आहे.

आधी प्लग तपासावा

जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत आजही असे स्विचबोर्ड दिसतात की सॉकेट तीन पिनांचा असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नसते. दिवा लागतो, पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो, त्यामुळे काही उणे आहे अशी शंकाही येत नाही. संगणक लावल्यावर मात्र अनवाणी पायांनी फरशीवर उभे राहून कॅबिनेटच्या मागच्या, रंग नसलेल्या पत्र्याला बोट लागले की मुंग्या येतात. याचे कारण एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या, रचनेत आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत त्यात कपॅसिटर नावाचे वीज साठवणारे छोटे भाग जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब पत्र्यावर उभा राहतो. हा प्रवाह फार क्षीण असल्याने निरोगी संगणकापासून जिवाला सहसा धोका नसतो, पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल किंवा प्रिंटरची यूएसबी केबल जोडताना पोर्ट जळू शकतो, आणि एसएमपीएसमध्ये खरोखरच बिघाड झाला तर पूर्ण दाब पत्र्यावर येतो. म्हणून मुंग्या येणे ही किरकोळ बाब समजू नये.

तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिल्यावर वर अर्थ, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवे. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. केवळ मीटरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तुटक्या किंवा गंजलेल्या अर्थवरही डिजिटल मीटर बरा आकडा दाखवू शकतो. वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये साधा टेस्ट लॅम्प लावून पाहतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर अर्थिंग काम देते आहे. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर या चाचणीत तो लगेच पडतो, आणि तेही अर्थिंग पोहोचल्याचेच लक्षण आहे.

एक घातक पळवाट इथे आवर्जून सांगितली पाहिजे. अर्थची वायर आणायचा खर्च टाळण्यासाठी काही जण सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडून देतात. मुंग्या थांबतात, मीटरही ठीक दाखवतो. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सैल होईल किंवा तुटेल, त्या दिवशी थेट फेज कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल. असा तुकडा आढळला तर तो आधी काढून टाकावा आणि मीटरच्या जागेपासून स्वतंत्र अर्थ वायर ओढून घ्यावी. भाड्याच्या खोलीतही घरमालकाकडे हा आग्रह धरण्यात संकोच करू नये.

स्पाइक गार्डबद्दलही गैरसमज आहेत. त्यातला संरक्षक घटक जादा दाबाचा बराचसा भाग अर्थकडे वळवतो, त्यामुळे अर्थिंग नसेल तर त्याचे अर्धे काम होतच नाही. शिवाय हा घटक प्रत्येक झटक्यागणिक झिजतो. त्यावरचा संरक्षणाचा दिवा विझला असेल तर तो निव्वळ एक्स्टेंशन बोर्ड उरलेला असतो.

यूपीएस घेताना व्हीए (त्यावर छापलेली क्षमता) आणि वॅट (प्रत्यक्ष पेलणारा भार) यांची गल्लत करू नये. सर्वसाधारण ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. घरगुती संगणक, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर यांना तो पुरतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीएचा घ्यावा. लेझर प्रिंटर आणि इस्त्री यांसारखी वस्तू यूपीएसवर कधीही लावू नये. आतली १२ व्होल्टची बॅटरी उष्ण हवेत बहुधा २ ते ३ वर्षे टिकते, म्हणून दर सहा महिन्यांनी, सगळे काम सेव्ह करून, भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते पाहावे. बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी बदलावी.

जागा

मुंबईच्या घरात जागेची निवड क्वचितच मोकळेपणाने करता येते, तरी काही ठिकाणे टाळावीत. दारे असलेल्या कॉम्प्युटर टेबलच्या खणात कॅबिनेट कोंडू नये. मागे निदान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. खिडकीखाली ठेवल्यास पावसाची झड येते आणि एसीखाली ठेवल्यास त्याचे ठिबकणारे पाणी. वन रूम किचनमध्ये आणखी एक गोष्ट घडते जिचा विचार सहसा होत नाही: फोडणीचा तेलकट धूर, उदबत्तीची आणि समईची काजळी पंख्याच्या पात्यांवर बसते, आणि मग त्यावर बसणारी धूळ ब्लोअरने उडत नाही, ती खरवडून काढावी लागते. कॅबिनेट ओट्यापासून आणि देव्हाऱ्यापासून जमेल तितके दूर असावे.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवूच नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा दरवर्षी पडत नसला, तरी हिंदमाता, शीव किंवा कुर्ल्याच्या सखल भागात वीतभर पाणी घरात यायला त्याच्या कितीतरी कमी पाऊस पुरतो. कॅबिनेटमध्ये पाणी शिरलेच तर 'चालू होतो का' हे पाहण्यासाठी बटण दाबू नये. मुख्य स्विच बंद करून, स्वतः कोरड्या जागी उभे राहून प्लग काढावा, हार्ड डिस्क किंवा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) वेगळी करावी आणि बाकीचे जाणकाराला दाखवावे. पाण्यात बुडालेला एसएमपीएस वाळला तरी पुन्हा वापरू नये.

खरेदी आणि जुळणी

ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांसाठी मुंबईकरांचा नेहमीचा बाजार आहे. तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारणे रास्तच, पण जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर यांचा आग्रह धरावा, कारण वॉरंटीच्या वेळी तेच कामी येते. पैसे वाचवायचे असतील तर कॅबिनेटच्या रोषणाईवर वाचवावेत, एसएमपीएसवर वाचवू नयेत. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले वॅट बहुधा भरवशाचे नसतात. '८० प्लस' या वीज-कार्यक्षमतेच्या मानांकनात ब्राँझ किंवा त्याहून वरच्या श्रेणीचा, तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेला, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला एसएमपीएस घ्यावा.

जुळणी दुकानदाराकडून करून घेतली तर त्यात कमीपणा नाही. स्वतः करणाऱ्यांनी काही जागा विशेष लक्षात ठेवाव्यात. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा राहून जातो. प्रोसेसरजवळची ८ पिनांची वीजकेबल मोठ्या २४ पिनांच्या केबलपासून वेगळी असते आणि ती विसरली तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. दोन रॅम आणि चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डवर (सगळे भाग जोडतात त्या मुख्य पाटीवर) प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहून खात्री करावी. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावावी, मदरबोर्डला नव्हे. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे स्क्रीन काळी ठेवू शकतो, त्या वेळी घाबरून वीज तोडू नये.

जुना संगणक सुधारताना

नवा भाग घेण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नेहमीचे काम करत असताना आकडे पाहावेत. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्क हे कारण आहे. मेमरी ८५–९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम अपुरी आहे. आठ-दहा वर्षांच्या संगणकात अजून हार्ड डिस्कवरच विंडोज असेल, तर एसएसडी लावण्याइतका लाभ दुसऱ्या कोणत्याही खर्चातून मिळणार नाही, हे मी निःशंकपणे सांगतो.

एसएसडीचे दोन मुख्य प्रकार घरगुती उपयोगाचे आहेत. अडीच इंची साटा (हार्ड डिस्कलाही लागणाऱ्या केबलची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत वाचते आणि जवळजवळ कोणत्याही जुन्या मदरबोर्डवर चालते. मदरबोर्डवरच्या एम.२ नावाच्या छोट्या खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पट वेगवान असते, पण एम.२ हा केवळ आकार आहे. त्या खाचेत काही मदरबोर्ड फक्त साटा स्वीकारतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. मदरबोर्डचा मॉडेल नंबर घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. रोजच्या पत्रव्यवहाराला, हिशेबाला आणि मुलांच्या अभ्यासाला या दोन प्रकारांतला फरक फारसा जाणवत नाही; हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांतला फरक मात्र पहिल्याच मिनिटाला जाणवतो.

काम पुढील क्रमाने करावे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची वेगळ्या डिस्कवर प्रत घ्यावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्यावी आणि तो तात्पुरता थांबवावा. संगणक शट डाऊन करून भिंतीवरचा स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि मग कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. झाकण काढल्यावर आधी मोबाइलवर दोन-तीन स्पष्ट फोटो घ्यावेत. केबल कुठली कुठे होती याचा वाद पुढे उरत नाही. पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि काम चालू असताना अधूनमधून पुन्हा तसे करावे. पावसाळी हवेत स्थिर वीज कमी साठते, पण एसी लावलेल्या कोरड्या खोलीत नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नये. नवी एसएसडी बसवून जुन्या डिस्कची क्लोन (हुबेहूब) प्रत तिच्यावर घ्यावी, नंतर जुनी डिस्क पूर्णपणे सोडवून पहिल्यांदा केवळ एसएसडीवर संगणक सुरू करावा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज कुठून सुरू झाले याचा घोळ होतो. जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नये.

रॅम घेताना डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, कारण प्रत्येकीची फट वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावला तर मदरबोर्ड जातो. योग्य रॅम मात्र दोन्ही कडांना सारखा दाब दिल्यावर 'टक' असा आवाज करून बसते.

एसएमपीएस बदलताना एक नियम कधीच मोडू नये: मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबल नव्या एसएमपीएसला लावू नयेत. कनेक्टर सारखा दिसला तरी आतल्या पिनांची रचना प्रत्येक निर्मात्याची, कधी तर एकाच निर्मात्याच्या दोन मॉडेलचीही, वेगळी असते आणि पहिल्याच सेकंदाला डिस्क जळू शकते. एसएमपीएसचा स्वतःचा डबा तर घरी उघडूच नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो.

आता विंडोजविषयी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागते, तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. 'टीपीएम नाही' असा संदेश आला म्हणून संगणक टाकून देऊ नये, कारण अनेक मदरबोर्डमध्ये ते असते पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते. इंटेलवर त्याला पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम म्हणतात. प्रोसेसरच जुना असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्याच यंत्रावर नीट चालते, आणि तिच्यात इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिताही येते.

पावसाळा आणि वर्षभराची निगा

जून ते सप्टेंबर या काळात 'पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही' ही तक्रार वाढते. वरळी, दादर, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात खारी हवा धातूच्या उघड्या टोकांवर पातळ थर धरते आणि रॅमचा संपर्क तुटतो. अशा वेळी वर सांगितल्याप्रमाणे वीज पूर्ण तोडून रॅम काढावी, तिची सोनेरी टोके ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसावीत, पूर्ण वाळू द्यावीत आणि रॅम पुन्हा बसवावी. खोडरबराचा उपाय प्रचलित आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि भुगा खाचेत पडतो. मी तो सुचवणार नाही.

चालू संगणकाची ऊब त्याला कोरडा ठेवते. म्हणून गावी जाऊन महिनाभर संगणक बंद राहण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालू राहिलेला बरा. धुळीसाठी झाकायचा असेल तर बंद करून गार झाल्यावर सुती कापडाने झाकावा; प्लास्टिकच्या आवरणाखाली दमटपणा कोंडतो. मागच्या बाजूला वापरात नसलेल्या कार्डांच्या उघड्या खाचा पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात, कारण ऊब शोधत झुरळे आणि पाली तिथूनच आत जातात.

साफसफाई दर तीन-चार महिन्यांनी करावी. कॅबिनेट गॅलरीत न्यावे, नाका-तोंडाला रुमाल बांधावा आणि थंड हवेचा ब्लोअर थोड्या अंतरावरून मारावा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते मोकळे सोडले तर बेसुमार वेगाने फिरून बेअरिंग बिघडते आणि पंखा जनरेटरसारखी वीजही निर्माण करतो. घरातला व्हॅक्युम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नये, त्याच्या नळीशी स्थिर वीज साठते. एसएमपीएसवर बाहेरूनच हवा मारावी. झाकण लावण्याआधी मदरबोर्डवरच्या गोल कपॅसिटरची माथी सपाट आहेत का ते टॉर्चने पाहावे. फुगलेले माथे हा येऊ घातलेल्या बिघाडाचा इशारा आहे.

साफसफाईनंतरही प्रोसेसरचे तापमान भाराखाली ८५ अंश सेल्सियसच्या वर जात असेल आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, लावून दोन-तीन वर्षे झाली असतील तर ती बदलावी. एएमडीच्या एएम४ मदरबोर्डवर कूलर गार असताना सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही पिनांसकट उपटून येऊ शकतो. आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट उबदार करावी, मग वीज तोडून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट पुरेशी होते.

तारीख आणि वेळ रोज मागे जात असेल आणि त्यामुळे बँकेचे संकेतस्थळ 'असुरक्षित' असा इशारा देत असेल, तर व्हायरसचा संशय घेण्याआधी मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी बदलावी.

डिस्क मात्र कितीही निगा राखली तरी एक दिवस जातेच, आणि तिच्यावरचे लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रकल्प बाजारात विकत मिळत नाहीत. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा विश्वासू नातेवाइकाकडे असावी. बाह्य हार्ड डिस्क प्रत घेऊन झाल्यावर लगेच काढून ठेवावी. जोडलेलीच ठेवली तर विजेचा झटका किंवा खंडणीचे (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे) सॉफ्टवेअर दोन्ही प्रती एकदमच गिळते. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी.

काढलेले जुने भाग आणि यूपीएसची बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जायला हवेत. बॅटरी बदलताना जुनी बॅटरी दुकानदाराकडे जमा करून त्याची वजावट घेता येते. जुनी हार्ड डिस्क देण्याआधी तिच्यावरची माहिती केवळ डिलीट न करता संपूर्ण डिस्क पुनर्लेखनाने पुसावी, आणि डिस्क चालूच होत नसेल तर तिच्या तबकड्यांतून ड्रिलने आरपार भोके पाडून मगच ती हाताबाहेर जाऊ द्यावी.